कुसळाच्या टोकाएवढा गंध

एकदा एका नदीच्या डोहाकाठी एक वृद्ध धीवर राहत असे. त्याच्यापाशी कवडू नावाचा एक तरुण गळाची विद्या शिकत होता. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून मासोळी कोरण्यात कवडूचा हात धरणारा कोणी नव्हता. पाण्यात सोडली की ती जिवंतच वाटे. मासे तिच्यामागे येत, तिला हुंगत आणि तोंड फिरवून निघून जात.

त्या उन्हाळ्यात कवडूची बहीण शेवंता बाळंतीण झाली. तिला दूध येईना. तान्ही लेक रडून रडून मलूल झाली. वैदूने सांगितले, "हिला ताज्या शिंगाळ्याचा रस्सा द्या." शिंगाळा हा लांब मिशांचा मासा खडकांच्या कपारीत दडतो. तिथे जाळे टाकले की फाटते. गळाशिवाय उपाय नव्हता.

कवडूने बडीशेप आणि हिंग तेलात खलून लाकडी मासोळीला चोपडले. पहिल्या दिवशी शिंगाळे हातभर अंतरावर येऊन थबकले. दुसऱ्या दिवशी त्याने दुप्पट तेल लावले, तर ते दहा हातांवरूनच वळले. तिसऱ्या दिवशी मासोळी तेलात भिजवूनच आणली. डोह जणू ओस पडला.

"बाबाजी, आता याहून उग्र काय लावू?" त्याने रडवेल्या स्वरात विचारले. "घरी लेकरू उपाशी आहे."

वृद्धाने मासोळी घेतली आणि नदीच्या गाळाने घासघासून तिचा सगळा वास काढून टाकला. मग कवडूचे हात कोपरापर्यंत गाळाने माखले आणि म्हणाला, "आता हात पाण्यात धरून बस. मी सांगेपर्यंत काढू नकोस."

कवडू आतून जळत होता, पण बसला. बऱ्याच वेळाने वृद्धाने गवताचे एक कुसळ तोडले, त्याचे टोक तेलात बुडवले आणि वरच्या अंगाला, वीस पावलांवर, पाण्याला नुसते टेकवले.

"खाली बघ," तो हळूच म्हणाला.

पाणी नितळ होते. शंभर अंक मोजावेत इतका वेळ काहीच झाले नाही. मग कपारीतून एक मिशी हलली, पाठोपाठ दुसरी. काळोखातून एक शिंगाळा बाहेर आला, मग आणखी तीन. सगळ्यांनी तोंडे प्रवाहाच्या वरच्या दिशेला वळवली आणि ज्या अदृश्य वाटेने तो गंध उतरला होता, तिच्यावरून ते सावकाश वर निघाले. कवडूच्या अंगावर काटा आला. एवढ्या पाण्यात तो कण त्यांना सापडला तरी कसा?

"अरे, आपली जीभ तोंडात असते," वृद्ध म्हणाला. "या जिवाची अवघी कातडीच जीभ आहे. तो पाण्यात राहतो म्हणजे अहोरात्र नदीची चव घेत असतो. तू तंबाखू मळलेल्या हातांनी मासोळी धरलीस. ते त्याला पहिल्याच दिवशी कळले. ते लपवायला तू तेल वाढवत गेलास आणि त्याचा संशय वाढत गेला. आपण त्याला मुका समजतो, पण आपण काठावर पोचण्याआधीच त्याने आपल्याला ओळखलेले असते. इतक्या जाणत्यापुढे जाताना आधी स्वतःला धुवावे. मग थोडेही पुरते."

कवडूने ओल्या हातांनी मासोळीला कुसळाचे टोक लावले आणि गळ सोडला. एका शिंगाळ्याने ती हुंगली आणि या वेळी तोंड न फिरवता गिळली. काठी वाकली. मासा काठावर आला तेव्हा कवडूने प्रथम वाकून त्याला हात जोडले.

चार दिवसांनी लेक पोटभर पिऊन झोपली. तिला थोपटत शेवंताने विचारले, "दादा, मासोळीला असं लावलंस तरी काय?"

"जवळजवळ काहीच नाही गं," कवडू म्हणाला.