पोळ्याचा नवा नियम

झाडांनाही दुपारी डुलकी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. एका आंब्याच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. आत कायम अंधार, त्यामुळे तोंड कुणाचं दिसत नसे. ओळख पटायची ती वासावरून. दारातल्या राखणदारणी येणारीला हुंगायच्या आणि आत सोडायच्या.

मेण थापणाऱ्या म्हाताऱ्या मेणाईला मात्र हल्ली भरलेले कप्पे रिकामे सापडू लागले. तिने सभेत नवा नियम मांडला. "नुसत्या दारावर विसंबू नका. शेजारी कोण बसलंय, ते प्रत्येकीने चाचपून बघावं. कसं बघायचं ते मी शिकवते."

"आम्ही तीस जणी दारात उभ्या असतो, त्या काय माश्या मारायला?" थोरली राखणदारीण फणकारली. "मेणवालीने मेण बघावं."

मधाचा दरवळ आणि पंखांची संथ गुणगुण यांनी सगळ्यांचे डोळे जडावले होते. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून मऊ, पेंगुळलेला आवाज आला, "खरंय, बायांनो. एवढी घाई कशाला? पुढच्या मोहरापर्यंत विचार करू."

सगळ्यांना ते पटलं. नियम पुढे ढकलला गेला.

मेणाई खिन्न मनाने कोपऱ्याकडे सरकली. वास तर आपल्याच पोळ्याचा येत होता. तरी तिने चाचपून पाहिलं. ते अंग माशीच्या दसपट मोठं, केसाळ आणि मध पिऊन टम्म फुगलेलं होतं.

"अगं, उठा! हा पतंग आहे!" ती किंचाळली.

"दारातून आत आलीय ना?" थोरली झोपेतच पुटपुटली. "मग आपलीच आहे."