तळपाय

"सांगायचं ते सगळं सांगून झालं. मग यांच्या डोक्यात शिरत का नाही, बुवा?"

उमाकांतचा आवाज चढला होता. तो केरूबुवांचा शिष्य. त्यात दवाखान्यात नोकरीला. दर गुरुवारी भजन संपलं, की मठात जमलेल्या विडी वळणाऱ्या म्हाताऱ्यांना तो शुगरची माहिती सांगे.

"काय सांगितलंस?"

"शुगर असली की पायाची जखम कळत नाही. रोज तळपाय बघा. परवा यांच्यातल्याच अंबव्वाचा पाय कापावा लागला, तरी यांचं आपलं 'हो हो'! दाखवा म्हटलं, तर एक दाखवेल तर शपथ."

बुवांनी समोर पाहिलं. म्हाताऱ्या पाय पोटाशी घेऊन, लुगड्याखाली झाकून बसल्या होत्या.

"नरसव्वा, दाखव की पाय."

"अगंबाई! देवापुढं, तुमच्यापुढं पाय पसरू व्हय?" नरसव्वा आणखीच आक्रसली. "आणि बघून काय करणार हा? लग्न ठरवतोय का माझं?"

बायका खुदखुदल्या. उमाकांतचे कान लाल झाले.



बुवा गादीवरून उतरले. जमिनीवर बसले. आणि दोन्ही पाय त्यांनी सरळ उमाकांतपुढे लांब केले.

उमाकांत दचकून मागे सरला.

"बुवा... देवासमोर..."

"मलापण शुगर आहे. बघ."

उमाकांत खाली बसला. या पायांवर तो रोज डोकं टेकवत असे. त्यांचे तळवे मात्र त्याने आज पहिल्यांदा पाहिले. कोरडे, भेगाळलेले. एकेक भेग त्याने बोटाने चाचपली.

"जखम नाही," तो हळूच म्हणाला.

मागे लुगडं सळसळलं.

"बघ बाबा माझेपण," नरसव्वा म्हणाली. "बुवांनीच पसरले, मग माझं काय घेऊन बसलास!"

तिच्या टाचेजवळ काटा मोडून बसला होता. भोवती लाली.

"कधी रुतला, आजी?"

"रुतलाय?... मला तर चालता येतंय की."

उमाकांतने काटा काढला, जखम धुतली, पट्टी बांधली. "वेळेत सापडला. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला. पाय शाबूत राहील."

"तर मग पुढच्या गुरुवारी फुगडीच घालते," नरसव्वा म्हणाली, आणि सगळा मठ हसला.

उमाकांतचे डोळे भरून आले. तो वळला, आणि बुवांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

बुवांनी पाय चटकन धोतराखाली घेतले.

"इथं काय ठेवलंय? तिकडं सगळ्या पाय पसरून बसल्यात."