चिमटीतला निळा रंग

“उद्या परीक्षा आहे, गुरुजी, आणि आज आपण मला रांगोळीत रंग भरायला सांगता?”

हा प्रश्न हेरंबाचा. नदीकाठच्या त्या वेदपाठशाळेत त्याच्याइतके पाठांतर कुणाचेच नव्हते, आणि हे त्याला पुरते ठाऊक होते. तरीही गेल्या वर्षी परीक्षकांसमोर त्याचा कंठ मध्येच बंद पडला होता. या खेपेसही तसेच घडले, तर तो विद्या सोडून घरी जाणार होता.

नागेशशास्त्री सभामंडपात उकिडवे बसून मोराची शेवटची रेघ ओढत होते.

“परीक्षकांच्या स्वागताला मोर हवा. पिसे तू भर. अंग मी भरतो.”

“हे काम मुलींचे.”

“त्या तुझ्याहून सुबक भरतात. बैस.”

हेरंब नाइलाजाने बसला. डाव्या तळहातावर निळा रंग घेतला आणि उजव्या हाताच्या चिमटीने सोडू लागला.

पहिलेच पीस रेघेबाहेर गेले.

“पुसू का?”

“मोराला विचार.”

हेरंबाने ते तसेच ठेवून पुढचे पीस भरायला घेतले.

हळूहळू चिमूट स्थिर झाली. ताठ खांदे सैल पडले.

“उद्याचा अध्याय म्हण पाहू,” शास्त्री मान वर न करता म्हणाले.

हेरंब म्हणू लागला. एका ठिकाणी अडखळला. म्हणताना झालेली प्रत्येक चूक बोट मुडपून मोजण्याची त्याला सवय होती; तिसरे बोट मिटले की त्याचा आवाजही मिटे. पण आता बोट मुडपावे, तर रंग सांडला असता.

तो पुढे म्हणत गेला.

अध्याय संपला, तेव्हा शेवटचे पीस भरून होत आले होते. हेरंब चपापला.

“गुरुजी... मी शेवटपर्यंत म्हटला?”

“ऐकले मी.”

हेरंबाला हसू फुटले, ते आवरेना. कित्येक दिवसांनी त्याने पोटभर श्वास घेतला.

आणि लगेच त्याच्यातला हुशार विद्यार्थी जागा झाला.

“पण चुका किती झाल्या, गुरुजी?”

शास्त्र्यांनी आपले दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. दाही बोटे हिरव्या रंगाने माखली होती.

“मी तर रंग भरत होतो, बाळ.”