जत्रेतली राखण

फार जुन्या काळातली गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी जोंधळ्याचं एक सुखी गाव होतं. गाव डोंगरदेवाचं. बारा घरं मात्र उजेडवाल्यांची. ते मूर्ती मानत नसत. सकाळी उगवतीकडे तोंड करून गप्प उभे राहत आणि कामाला लागत. एवढाच त्यांचा धर्म.

गावच्या पाटलाला ते खुपायचं. माणूस मेहनती, पण हट्टी. एक दिवस त्यानं दवंडी पिटली, ‘देवापुढे जो वाकणार नाही, त्यानं गावात राहू नये.’

उजेडवाल्यांची म्हातारी चावडीवर आली. म्हणाली, “पाटील, कमरेत वाकायला आम्हांला जड नाही. पण मनातून वाकणार नाही, हे तुमच्या देवाला कळेलच की! त्याला फसवायला आम्हांला कशाला लावता?”

पाटलानं दवंडी मागे घेतली नाही. बारा घरं ओढ्यापलीकडच्या माळावर गेली. गावातल्या एकानंही तोंड उघडलं नाही, हेही सांगायला हवं.

पौषात जत्रा आली. जत्रेचा नेम कडक होता. तीन दिवस शेतात पाऊल टाकायचं नाही आणि कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. जोंधळा भरात होता. पहिल्याच सकाळी राघूंचा थवा उतरला.

पाटील बांधावरून ओरडला, “हा हा! हुर्र!” राघू उडाले, गिरकी घेऊन पुन्हा बसले. दुपारपर्यंत ते पाटलाच्या ओरडण्याला भीक घालेनासे झाले.

“देव कोपला,” पाटील म्हणाला.

“देव कशाला कोपेल?” पाटलीणबाई फणकारल्या. “इतकी वर्षं जत्रेत मचाणावर गोफण घेऊन कोण बसत होतं? आपण नेम पाळायचो, तो त्या बारा घरांच्या जिवावर. त्यांनाच हाकललंत!”

पाटलानं शेताकडे पाहिलं. निम्मी कणसं रिकामी झाली होती. उरलेली गेली तर गावाला वर्षभर खायला काही नव्हतं. तो तसाच अनवाणी ओढा ओलांडून गेला.

म्हातारी माळावरचे दगड वेचत होती. “या पाटील. वाकायला आलात?”

“चुकलो, आजी. गोफणी घेऊन चला.”

“जोंधळ्यासाठी बोलावताय. तो घरात आला की पुन्हा हाकलाल. आधी दवंडी, मग गोफण.”

पाटलाचा चेहरा उतरला. पण तो परतला आणि भर जत्रेत स्वतः ढोल वाजवून ओरडला, “ऐका हो! कुणी कुणापुढे वाकावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझी दवंडी चुकीची होती. बारा घरं गावची आहेत, गावातच राहतील!”

घटकाभरात मचाणांवर गोफणी गरगरल्या आणि राघूंनी डोंगर गाठला. गावानं उरलेले दोन दिवस निर्धास्तपणे देवाचा नेम पाळला.

त्या साली भाकरी पातळ झाली, पण बारा घरांसह साऱ्या गावाला पुरली. पुढच्या जत्रेत तर देवळातल्या पहिल्या पंगतीचं जेवण मचाणांवर पोचवलं गेलं, आणि ते डोक्यावरून वाहून नेलं पाटलानं. म्हातारी जेवली, आमटीत मीठ कमी आहे म्हणाली, आणि पाटील खदखदून हसला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या श्रद्धेला जो गावाबाहेर काढतो, त्याची स्वतःची श्रद्धाही उघड्यावर पडते.