टिकाऊ खुर्ची

आंब्यावरून पडून गेनूआबाचं कमरेखालचं अंग गेलं, पण खोड्या काढायची सवय काही गेली नाही. एकच गोष्ट तो गावापासून लपवायचा. डायपर घातल्याशिवाय त्याला घराबाहेर पडता येत नव्हतं, आणि ते घ्यायला आता घरात पैसा उरला नव्हता.

ग्रामसभेत दिव्यांग निधीचा विषय निघाला, तशी त्याच्या बायकोनं, हौसाबाईनं, त्याची चाकाची खुर्ची पुढं ढकलली.

“काय पाहिजे ते मोठ्यानं सांगा,” ग्रामसेवक लोखंडे म्हणाले.

आबानं सांगितलं. मागं पोरं फिदीफिदी हसली. एवढी लाज त्याला झाडावरून पडतानाही वाटली नव्हती.

“नियमात बसत नाही. हा निधी टिकाऊ वस्तूंचा. चाकाची खुर्ची दिली ना? वापरून फेकायचं सामान घरखर्चात जातं.”

“साहेब, तुमची ही गादीची खुर्ची टिकाऊ का?”

“सागवानी आहे.”

“मग मला घटकाभर तिच्यात बसवा. डायपर नसला की टिकाऊ वस्तू किती टिकते, ते सगळ्यांसमक्ष बघू.”

दोघं जण त्याला उचलायला उठलेसुद्धा. लोखंड्यांनी खुर्ची घट्ट धरली. सरपंचबाई खाली मान घालून म्हणाल्या, “डायपर खुर्चीच्या जोडीचं सामान म्हणून धरा.”

वाटेत हौसाबाई कुणाकडं बघेना. “साहेबाची गादी खराब झाली असती म्हणजे?”

“कशी होईल? राखून ठेवलेला शेवटचा घालूनच आलोय.” मग आबाचा आवाज बारीक झाला. “पण जरा भरभर ढकल. हसता हसता भिजला.”