परुळेकरबाईंचे रेकॉर्डिंग

कुडाळच्या मालिनीबाई परुळेकर एका केबल कंपनीच्या अकरा वर्षांपासूनच्या इमानी ग्राहक. त्यांच्या दिवंगत यजमानांनी दशावतारी नाटकात रंगवलेला संकासुर एकदा टीव्हीवर दाखवला गेला होता, आणि त्याचे एकमेव रेकॉर्डिंग बाईंच्या सेट-टॉप बॉक्समध्ये होते. अचानक कंपनीने नियम बदलला: तीस दिवसांहून जुने रेकॉर्डिंग येत्या रविवारी आपोआप पुसले जाईल. बाई तडक कार्यालयात गेल्या.

“काकू, महिन्यापूर्वीचं कोण पाहतं?” व्यवस्थापक देवस्थळी खुर्चीत रेलून म्हणाले. “जुनं ते निरुपयोगी. आमचं धोरणच आहे तसं.”

“आणि मला ते मान्य नसेल तर?”

देवस्थळींनी विजयी मुद्रेने कपाटातून एक पिवळा पडलेला अर्ज काढला. “कंपनीचे सर्व बदल मान्य आहेत, असं तुम्हीच लिहून दिलंय. ही बघा तुमची सही!”

बाईंनी चष्मा लावून अर्ज सावकाश न्याहाळला. “अकरा वर्षांपूर्वीची! केवळ कुतूहल म्हणून विचारते, साहेब. तीस दिवसांनी सगळंच निरुपयोगी होतं, तर हा कागद कशाला जपलात?”

रांगेतल्या ग्राहकांत हशा पिकला. देवस्थळींनी अर्ज मिटला आणि तंत्रज्ञाला हाक मारली, “काकूंचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर उतरवून द्या. आजच.”