राजाचे दूध

पूर्वी पश्चिम समुद्रातल्या आयर्लंड नावाच्या हिरव्या बेटावर दुनाल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा न्यायमंत्री होता. त्या देशाची रीत अशी, की राजाच्या अंगी व्यंग आले तर त्याने आसन सोडायचे.

एकदा तापातून उठलेल्या दुनालच्या गालावर मोठा जांभळा डाग उमटला. त्याला स्वतःला ते कळले नाही. नवा राजा आला तर आपली पदे जातील, म्हणून दरबाऱ्यांनी सगळे आरसे हलवले, चांदीची भांडी उचलली आणि राजाला लहानपणापासून वाढवणाऱ्या देर्वा दाईला बजावले, की राजाला पाणी द्यायचे नाही, दूधच द्यायचे. बोधिसत्त्व तेव्हा न्यायनिवाड्यासाठी दूरच्या गावी गेला होता.

राजाच्या मनात पाल चुकचुकली. तो आला की बोलणे थांबे. कोणी नजरेला नजर देईना. पाणी मागितले तरी दूधच समोर येई. पाण्यात कालवलेले दिसते, दुधात दिसत नाही, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने ते दूध कुत्र्याला पाजून पाहिले. कुत्रा शेपटी हलवीत राहिला.

"म्हणजे हळूहळू भिनणारं विष आहे," राजा म्हणाला. संशयाला हवे ते सगळीकडे सापडते.

त्याने देर्वाला भरतीच्या आधी किनाऱ्यावरच्या खांबाला बांधायला लावले. तिने तोंड उघडले नाही.

बोधिसत्त्व परतला तेव्हा भरती सुरू झाली होती. दरबाऱ्यांनी त्याला बाजूला घेतले. "एका दाईपायी राज्य घालवणार? तुमचंही पद जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला, आणि विहिरीच्या पाण्याने भरलेली परात त्याने राजापुढे ठेवली.

"यात काय कालवलंय?"

"काही नाही, महाराज. पिऊ नका, नुसतं पाहा."

राजाने वाकून पाहिले आणि त्याचा हात गालावरच्या डागाकडे गेला. "आणि दुधात काय होतं?"

"दुधात चेहरा दिसत नाही, महाराज. म्हणून दूध."

राजा धावत किनाऱ्यावर गेला. पाणी देर्वाच्या छातीशी आले होते. त्याने स्वतः दोर सोडले. "बोलली का नाहीस?"

"तुझं राज्य गेलं असतं रे," ती म्हणाली.

राजा तिथेच रडला. मग राजवाड्यात येऊन त्याने गळ्यातले राजेपणाचे सोन्याचे कडे काढून रिकाम्या आसनावर ठेवले. बोधिसत्त्वानेही पद सोडले.

विहारात जमलेल्या भिक्षूंना ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान, म्हणाले, "तो राजा म्हणजे, सोबती कुजबुजले की विषाच्या संशयाने भिक्षापात्र झाकून घेणारा, इथे बसलेला हा भिक्षू. दरबारी म्हणजे ते कुजबुजणारे. दाई म्हणजे याची आई, जी आजही दारात याची वाट पाहते. आणि मंत्री मीच होतो."

मग ते त्या भिक्षूकडे वळून हळूच म्हणाले, "बाळा, तुझं चीवर पाठीवर फाटलंय. ते कुजबुजतात ते तेवढंच." सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात ती हीच.